क्षेपणास्त्र संरक्षणातील लेझर शस्त्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेझर शस्त्राची यशस्वी चाचणी घेतली आणि पाठोपाठ अनेक मथळ्यांत ‘स्टार वॉर्स’ हा शब्द झळकला. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. विमानाच्या वेगाने जमिनीलगत उडणारे क्रूझ क्षेपणास्त्र आणि अंतराळातून सेकंदाला सात किलोमीटर वेगाने खाली येणारे अण्वस्त्र, या दोहोंना आपण ‘क्षेपणास्त्र’ हा एकच शब्द वापरतो. लेझरपुरते बोलायचे तर या दोन अगदी वेगळ्या समस्या आहेत, आणि बहुतेक गैरसमज त्या एका शब्दातून निर्माण झालेले आहेत.

लेझर शस्त्र क्षेपणास्त्र ‘पाडते’ म्हणजे नेमके काय करते?

ते क्षेपणास्त्राला तापवते. त्यात स्फोट, धक्का किंवा टक्कर यांपैकी काहीही नसते. प्रकाशाचा झोत क्षेपणास्त्राच्या अंगावरील एका लहानशा भागावर धरून ठेवला जातो आणि तो भाग वितळेपर्यंत किंवा मऊ पडून दुबळा होईपर्यंत तेथून हलू दिला जात नाही. त्यानंतर पुढचे काम बहुधा क्षेपणास्त्र स्वतःच करते. इंधनाच्या टाकीतील दाबामुळे कमजोर झालेला पत्रा फाटतो, स्फोटक तापून पेटते, किंवा पंख गळून पडल्यावर हवेचा रेटा उरलेला सांगाडा मोडतो.

कारखान्यांतील लेझर जाड पोलाद लोण्यासारखे कापते. मग शस्त्र बनवणे इतके अवघड का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या शीटमेटल वर्कशॉपमध्ये फायबर लेझरचे यंत्र चालताना पाहिलेले असते, आणि प्रश्न रास्तही आहे. तेथील सहा किलोवॉटचे यंत्र दहा मिलिमीटर जाडीचे पोलाद सहज कापते. मात्र ते यंत्र जवळून पाहावे. नोझल पत्र्यापासून जेमतेम एक मिलिमीटरवर असते, प्रकाशाचा ठिपका केसाच्या जाडीपेक्षा फार मोठा नसतो, पत्रा टेबलावर स्थिर पडलेला असतो आणि वितळलेला धातू फुंकून टाकण्यासाठी त्याच नोझलमधून ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा जोरदार झोत येत असतो.

यांपैकी एकही सोय रणांगणावर मिळत नाही. प्रकाश कितीही सरळ जात असला तरी अंतरासोबत पसरतो, आणि हा पसारा तरंगलांबी, अंतर व आरशाचा व्यास यांवर ठरतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या आरशातून निघालेल्या, सुमारे एक मायक्रोमीटर तरंगलांबीच्या झोताचा ठिपका पाच किलोमीटरवर तत्त्वतः साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असतो. प्रत्यक्षात हवेतील खळबळ आणि नेम धरतानाची थरथर यांमुळे तो दहा सेंटिमीटरचा झाला तरी ते चांगलेच म्हणावे लागेल. तोच आरसा घेऊन शंभर किलोमीटरवर नेम धरला तर ठिपका, निव्वळ गणिताने, ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे जातो. उष्णता तेवढीच आणि क्षेत्रफळ शेकडो पट! लेझरची ताकद वाढवणे हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत बराचसा सुटला आहे. अंतराचा प्रश्न सुटलेला नाही.

प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर आहे. मग वेळ का लागतो?

प्रकाश पोहोचायला वेळ लागत नाही, पण तापवायला लागतो. एक ढोबळ हिशोब मांडून पाहू. शंभर किलोवॉटचे लेझर आहे, लक्ष्य पाच किलोमीटरवर आहे आणि ठिपका दहा सेंटिमीटरचा आहे. निम्मा प्रकाश वाटेत गमावला आणि पोहोचलेल्यातील तीस टक्के धातूने शोषला असे धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे १९० वॉट मिळतात. दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वितळायला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे पाचशे ते सहाशे जूल लागतात. म्हणजे साधारण तीन सेकंद. तेवढा वेळ झोत एकाच जागी खिळून राहिला पाहिजे. तो हातभर सरकला तर हिशोब नव्याने सुरू होतो.

आता हे तीन सेकंद समोरच्याच्या वेगाशी लावून पाहावेत. ध्वनीपेक्षा कमी वेगाचे क्रूझ क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे अडीचशे मीटर जाते. पाच किलोमीटर पार करायला त्याला वीस सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत एक लेझर, एकापासून दुसऱ्याकडे वळण्याचा वेळ धरून, चार क्षेपणास्त्रांचा समाचार घेऊ शकेल. ग्रॅडसारखे कमी पल्ल्याचे, तोफखान्याचे रॉकेट तेच अंतर सात-आठ सेकंदांत कापते. ब्रह्मोसच्या जातीचे, ध्वनीच्या पावणेतीन पट वेगाचे क्षेपणास्त्र पाच सेकंदांत येऊन धडकते. त्यात एकच संधी मिळते, तीही ते नाक समोर करून येत असताना, म्हणजे त्याचा सर्वांत उष्णतारोधक भाग लेझरकडे असताना. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे अस्त्र पाच किलोमीटर एका सेकंदाच्या आत ओलांडते. त्या हिशोबात लेझरला जागाच नाही.

मग कशाविरुद्ध लेझर खरोखर उपयोगी आहे?

ड्रोन, उखळी तोफांचे गोळे, कमी पल्ल्याची रॉकेटे आणि, हवामान अनुकूल असेल तर, ध्वनीपेक्षा कमी वेगाची क्रूझ क्षेपणास्त्रे. या सगळ्यांचे कवच पातळ असते, ती जवळून जातात आणि संख्येने पुष्कळ येतात.

ध्वनीहून अनेक पट वेगाने वातावरणातून उडणारी ग्लाइड वाहने आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांची परत येणारी अस्त्रे यांच्याविरुद्ध शेवटच्या टप्प्यात लेझर वापरण्याची कल्पना मुळातच उलट दिशेने जाणारी आहे. वातावरणात शिरताना होणारी प्रचंड उष्णता सहन करण्यासाठीच त्या अस्त्रांवर जाड कवच बसवलेले असते. जे हजारो अंश तापमानातून सुखरूप खाली यावे म्हणून घडवले आहे, त्याला आणखी थोडे तापवून काय साधणार?

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र लेझरने कधीच पाडले गेलेले नाही का?

पाडले गेले आहे, आणि ती हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण लेझरची ताकद व मर्यादा दोन्ही तिच्यात एकत्र दिसतात.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा एक नाजूक काळ असतो. उड्डाणानंतर इंजिन जळत असते तेव्हा ते संथ असते, ज्वाळेमुळे दुरून दिसते आणि इंधनाने भरलेली, दाबाखालील, पातळ पत्र्याची टाकी घेऊन चाललेले असते. कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रात हा काळ एक-दीड मिनिटाचा, तर आंतरखंडीय क्षेपणास्त्रात तीन ते पाच मिनिटांचा असतो. या काळात प्रहार करण्यासाठी अमेरिकेने बोइंग ७४७ मालवाहू विमानात एक मेगावॉटच्या घरातील रासायनिक लेझर बसवले. या विमानाचे नाव होते वायएएल-१. क्लोरिन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडिन यांच्या रासायनिक क्रियेतून प्रकाश निर्माण व्हायचा, विमानाच्या पोटातून पुढे जायचा आणि नाकाच्या जागी बसवलेल्या फिरत्या घुमटातील दीड मीटरच्या आरशातून बाहेर पडायचा. त्याआधी दोन लहान लेझर काम करीत. एक लक्ष्यावर प्रकाश टाकून त्याचा माग ठेवायचे आणि दुसरे मधल्या हवेतील खळबळ मोजायचे. त्या मोजमापानुसार एक लवचिक आरसा क्षणोक्षणी स्वतःचा आकार बदलून, हवा झोताला जशी वाकडी करणार असेल त्याच्या उलट त्याला आधीच वाकवून ठेवायचा. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारे होते, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

११ फेब्रुवारी २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातील एका तळावरून द्रव इंधनाचे कमी पल्ल्याचे क्षेपणास्त्र सोडण्यात आले आणि वायएएल-१ ने ते दोन मिनिटांच्या आत, इंजिन जळत असतानाच नष्ट केले. तासाभरात घन इंधनाच्या दुसऱ्या क्षेपणास्त्रावरही झोत टाकण्यात आला, पण ते नष्ट होण्यापूर्वी झोत बंद करण्यात आला. त्याच वर्षी नंतर झालेल्या दोन प्रयत्नांना यश आले नाही.

पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हा कार्यक्रम बंद झाला. २०१२ मध्ये विमान ॲरिझोनाच्या वाळवंटातील साठवणतळावर नेऊन ठेवले गेले आणि २०१४ मध्ये भंगारात काढले गेले. सोळा वर्षे आणि पाच अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला होता.

चाचणी यशस्वी होऊनही कार्यक्रम का गुंडाळला?

कारण भूगोल. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ मध्येच संसदेच्या समितीसमोर हे स्पष्ट केले होते. पुरेशा दुरून मारा करायचा तर विमानातील लेझरपेक्षा वीस ते तीस पट शक्तिशाली लेझर लागेल, नाहीतर इराणचे क्षेपणास्त्र पाडण्यासाठी या विमानाला इराणच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय एक विमान पुरत नाही. कोठेतरी कायम गस्त ठेवायची तर दहा ते वीस विमाने लागतील, आणि प्रत्येकाची किंमत दीड अब्ज डॉलर होईल, हेही त्यांनी सांगितले.

हा केवळ एका मंत्र्याचा आक्षेप नव्हता. अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००३ च्या अभ्यासात अशा विमानाचा पल्ला द्रव इंधनाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राविरुद्ध सुमारे सहाशे किलोमीटर आणि घन इंधनाच्या क्षेपणास्त्राविरुद्ध सुमारे तीनशे किलोमीटर धरला होता. उत्तर कोरियासारख्या लहान आणि दोन बाजूंनी समुद्र असलेल्या देशाबाबत या आकड्यांना काही अर्थ आहे. इराण, रशिया किंवा चीन यांच्या अंतर्भागातील तळांपर्यंत मात्र ते पोहोचत नाहीत. युद्धाच्या पहिल्या तासात ते भले मोठे, संथ विमान शत्रूच्या हवाई संरक्षणाच्या टप्प्यात किती वेळ टिकले असते, हा प्रश्न तर वेगळाच.

विमानाऐवजी उपग्रहावर लेझर ठेवले तर?

ही कल्पना जुनी आहे. २३ मार्च १९८३ रोजी तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी क्षेपणास्त्र संरक्षणावर केलेल्या भाषणानंतर अमेरिकेत तिच्यावर अमाप पैसा खर्च झाला. अंतराळात हवा नसल्यामुळे झोत पसरवणारी खळबळ नाहीशी होते, हे खरे आहे. पण अंतर हजारो किलोमीटरचे होते, त्यामुळे आरसा कित्येक मीटर व्यासाचा लागतो, आणि खालच्या कक्षेतील उपग्रह एका जागी थांबत नसल्याने प्रत्येक क्षणी योग्य जागी एक असावा यासाठी अनेक उपग्रह फिरते ठेवावे लागतात. १९८७ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीने या शस्त्रांचा अभ्यास करून रासायनिक लेझरची शक्ती किमान शंभर पटीने वाढवावी लागेल, आणि हे शक्य आहे की नाही एवढे कळायलाच दहा वर्षे किंवा त्याहून अधिक संशोधन लागेल, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी मे महिन्यात सोव्हिएत संघाने एनर्जिया रॉकेटाच्या पहिल्या उड्डाणात लेझर शस्त्राची पूर्वतयारी म्हणून बांधलेले अवजड पोल्युस यान सोडले. दिशा बदलण्याच्या चुकीमुळे ते कक्षेत न जाता समुद्रात कोसळले.

पाऊस आणि धुके यांचा परिणाम किती?

निर्णायक. पाण्याचे थेंब, धुके, धूळ आणि धूर प्रकाश शोषतात किंवा विखुरतात, आणि दाट ढगापुढे कोणतेही लेझर हतबल असते. त्याखेरीज एक कमी परिचित अडचण आहे. झोत स्वतःच वाटेतील हवा तापवतो, तापलेली हवा भिंगाप्रमाणे वागू लागते आणि झोत फाकतो. शक्ती जितकी वाढवावी तितका हा त्रास वाढतो, म्हणून निव्वळ किलोवॉट वाढवून पल्ला त्याच प्रमाणात वाढत नाही. दमट किनाऱ्यावर, समुद्रसपाटीलगत, हे सर्व दोष एकत्र येतात. मुंबईतून पश्चिम किनाऱ्याची राखण करणाऱ्या नौदलाला जून ते सप्टेंबर या काळात लेझरवर विसंबून राहता येणार नाही, हे सांगायला कोकणातला एक पावसाळा पाहिला तरी पुरे. वाळवंटातील चाचणीचे आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

एका माऱ्याचा खर्च काही शे रुपयेच असतो, हे खरे आहे का?

विजेपुरते खरे आहे. २०२२ मध्ये इस्रायलचे तत्कालीन पंतप्रधान नफ्ताली बेनेट यांनी एका माऱ्याला साडेतीन डॉलर लागतात असे सांगितले, तर ब्रिटनने आपल्या ड्रॅगनफायर लेझरसाठी दहा पौंडांहून कमी असा आकडा दिला. इस्रायलच्या आयर्न डोम या रॉकेटविरोधी प्रणालीच्या एका तामिर क्षेपणास्त्राला चाळीस-पन्नास हजार डॉलर आणि अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण प्रणालीच्या आधुनिक क्षेपणास्त्राला सुमारे चाळीस लाख डॉलर लागतात, हे लक्षात घेतले की लेझरचे आकर्षण समजते.

तरीही ही तुलना अर्धवट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रिक्षाचा खर्च पेट्रोलवर मोजून रिक्षाची किंमत विसरावी, तसे हे झाले. लेझरची खरी टंचाई पैशांची नसून सेकंदांची असते. एका वेळी एकच लक्ष्य, आणि प्रत्येकामागे काही सेकंद. वीस ड्रोन चारही बाजूंनी एकदम आले, तर स्वस्त मारा असूनही पाचवा-सहावा ड्रोन निसटतो, आणि तो पकडायला आणखी एक लेझर किंवा जुने महागडे क्षेपणास्त्र लागतेच. मात्र लेझरचा ‘दारूगोळा’ वीज मिळत असेपर्यंत संपत नाही, हा फायदा जहाजांसाठी मोठा आहे, कारण भर समुद्रात क्षेपणास्त्रांच्या नळ्या पुन्हा भरणे अतिशय अवघड असते.

इस्रायलची ‘आयर्न बीम’ प्रणाली आयर्न डोमची जागा घेईल का?

नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. इस्रायलचा या विषयातील अनुभव जुना आहे. अमेरिकेसोबत विकसित केलेल्या रासायनिक लेझरने २००० सालापासून न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे कात्युशा रॉकेटे आणि तोफांचे गोळे पाडून दाखवले होते. पण तो संच एवढा अवजड होता आणि विषारी रसायनांवर चालत होता, की पुढे इस्रायलने तो सोडून इंटरसेप्टरची, म्हणजे येणारे अस्त्र हवेतच पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची, वाट धरली. त्यातूनच आयर्न डोम आले, आणि एप्रिल २०११ मध्ये त्याने पहिले रॉकेट पाडले.

आयर्न बीम हे विजेवर चालणारे, शंभर किलोवॉटच्या वर्गातील लेझर आहे. राफाएल कंपनीने एल्बिटच्या साहाय्याने ते तयार केले आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते इस्रायली सैन्याच्या स्वाधीन झाले. त्याआधी, २०२४ च्या लढाईत त्याच घराण्यातील लहान लेझरने हिजबुल्लाचे ड्रोन पाडले होते. पल्ला काही किलोमीटर आहे. इराणची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे आली की काम ॲरो आणि डेव्हिड्स स्लिंग या इंटरसेप्टर प्रणालींकडेच राहते.

भारताची स्थिती काय आहे?

कर्नूलच्या चाचणीतील लेझर हैदराबादच्या ‘चेस’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तयार केले आहे. त्याने स्थिर पंखांचे मानवरहित विमान आणि ड्रोनचा थवा यांवर मारा केला. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर झालेल्या चाचणीत याच प्रयोगशाळेचे लेझर दोन प्रकारच्या क्षेपणास्त्रांबरोबर एका सामाईक नियंत्रणाखाली वापरण्यात आले आणि वेगवेगळ्या अंतरांवरील तीन लक्ष्ये भेदण्यात आली. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दुसरी चाचणी पहिलीपेक्षा महत्त्वाची होती, जरी तिच्या बातमीत ‘स्टार वॉर्स’ कमी होते. लेझर उपयोगी ठरते ते अशाच ठिकाणी : दूरचे आणि वेगवान लक्ष्य क्षेपणास्त्राकडे, जवळचे आणि संथ लक्ष्य लेझरकडे, आणि कोणते कोणाकडे हे ठरवणारा एकच नियंत्रणकक्ष.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांविरुद्धची भारताची ढाल नोव्हेंबर २००६ मधील पहिल्या चाचणीपासून ते जुलै २०२४ मधील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत इंटरसेप्टर क्षेपणास्त्रांचीच आहे. ड्रोनविरोधात तरी लेझर हा एकमेव पर्याय आहे, असेही नाही. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने विकसित केलेल्या ‘भार्गवास्त्र’ या लहान रॉकेटांच्या प्रणालीची चाचणी मे २०२५ मध्ये गोपालपूर येथे झाली, आणि ढगाळ दिवशी ती लेझरपेक्षा भरवशाची ठरेल.

क्षेपणास्त्र आरशासारखे चकचकीत केले, किंवा ते स्वतःभोवती फिरत ठेवले तर?

काही प्रमाणात उपयोग होतो. पण धूळ, धूर किंवा ओरखडा पडला की चकाकी जाते आणि तापलेला धातू अधिक प्रकाश शोषू लागतो. फिरण्यामुळे उष्णता घेरभर वाटली जाते, त्यामुळे वेळ साधारण तिप्पट लागतो. जळून उष्णता वाहून नेणारा लेप हा यांपेक्षा चांगला उपाय आहे, मात्र त्याचे वजन वाढते.

चाचणीतील यश आणि रणांगणावरील उपयोग यांत इतका फरक का पडतो?

शंभर किलोवॉटचा झोत हवा असेल तर, आजची फायबर लेझरे वीज प्रकाशात बदलताना तीस-चाळीस टक्केच कार्यक्षम असल्यामुळे, तीनशे किलोवॉटच्या आसपास वीज लागते आणि उरलेली दोनशे किलोवॉट उष्णता लेझर बसवलेल्या गाडीतून किंवा जहाजातून बाहेर काढावी लागते. जहाजावर जनित्रही असते आणि पाणीही. चिलखती गाडीवर दोन्हींची वानवा असते. अमेरिकी लष्कराने ५० किलोवॉटची लेझरे बसवलेल्या स्ट्रायकर गाड्या २०२४ मध्ये पश्चिम आशियात पाठवल्या, तेव्हा प्रयोगशाळेत व चाचणीतळावर दिसलेले निकाल मैदानात मिळत नाहीत, असे लष्कराचे खरेदीप्रमुख डग बुश यांनी सिनेटच्या समितीला सांगितले. उष्णता, इलेक्ट्रॉनिक भागांची संख्या आणि रोजच्या वापरातील झीज ही त्यांनी दिलेली कारणे होती. यात नवल नाही. धुळीचा एक कण आरशावर बसला आणि त्यावर झोत पडला, तर तो कण जळतो आणि त्याबरोबर आरशाचा लेपही.

अशी शस्त्रे आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतात का?

क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांच्याविरुद्ध बसतात. १९९५ मध्ये स्वीकारला गेलेला आणि १९९८ पासून अमलात आलेला करार माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी घडवलेल्या लेझर शस्त्रांवर बंदी घालतो, आणि भारत त्याचा सदस्य आहे. अनवधानाने होणारी इजा मात्र हा करार पूर्णपणे रोखत नाही, म्हणून चाचणीच्या वेळी आसपासचे हवाई क्षेत्र मोकळे ठेवले जाते. चुकलेला झोत लक्ष्यापाशी थांबत नाही. तो पुढे आकाशात निघून जातो. या कारणाने अमेरिकेत शक्तिशाली लेझर आकाशाकडे सोडण्यापूर्वी ‘लेझर क्लिअरिंगहाउस’ या लष्करी कार्यालयाकडून, त्या दिशेने त्या क्षणी कोणाचा उपग्रह जात नाही ना, याची खातरजमा करून घेतली जाते आणि उपग्रह जाईपर्यंत झोत रोखून धरला जातो.